११ लाख व्ह्यूज आले, मग गिऱ्हाईक का आलं नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापुरात आमचं तीन पिढ्यांचं चपलांचं दुकान आहे. प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्याचा वाद पेटला तेव्हा वडील चप्पल शिवत असतानाचं आमचं रील खूप चाललं. ११ लाख व्ह्यूज आले, फॉलोअर चौपट झाले, विक्री मात्र फारशी हलली नाही. तेव्हापासून प्रत्येक पोस्ट ५०० रुपये टाकून बूस्ट करतो, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखवतो. लाइक येतात, गिऱ्हाईक येत नाही. आता एक एजन्सी महिन्याला २५ हजार मागते आहे, 'अचूक टार्गेटिंग' करून देतो म्हणते. द्यावेत का?

एजन्सीचं नंतर बघू. आधी ते ११ लाख व्ह्यूज उलगडून बघायला हवेत.

इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये 'व्ह्यूज' हा आकडा सगळ्यात पुढे आणून ठेवला. एकाच माणसाने तुमचं रील चारदा पाहिलं तर ते चार व्ह्यूज धरले जातात. माणसं किती होती हे कळायला इन्साइट्समध्ये जाऊन किती अकाउंटपर्यंत रील पोचलं तो आकडा बघा आणि त्याच्याखाली शहरं बघा. तो आकडा ११ लाखांपेक्षा बराच लहान असेल. तरीही तो मोठाच असणार, त्यामुळे खरा प्रश्न उरतो तो हा, की ती माणसं तुमच्या रीलवर कशासाठी थांबली होती?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीच्या घडणीच्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव कुठेच घेतलं नाही. लोक भडकले. महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेने पत्र लिहिलं, मग कंपनीने भारतीय कारागिरीवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. त्या आठवड्यात तुमचे वडील म्हणजे लोकांच्या हातातला पुरावा होते. 'हे बघा खरे कारागीर' म्हणून लोकांनी ते रील एकमेकांना पाठवलं. अनोळखी लोकांपर्यंत रील पोचण्यात हे 'पाठवणं' फार वजनदार असतं, असं इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी स्वतःच अनेकदा सांगितलं आहे. रागावलेला माणूस धडाधड पाठवतो. पण तो चपलेचा नंबर विचारायला आलेला नसतो.

शिवाय महिना कोणता होता ते आठवा. जूनअखेर! अर्धा महाराष्ट्र पावसात आणि तुमचा माल कातड्याचा. त्या दिवसांत कोल्हापुरी विकणाऱ्या काहींची ऑनलाइन विक्री वाढल्याच्या बातम्या आल्या होत्या. माझ्या मते त्यात ज्यांच्याकडे नंबरचा तक्ता, किंमत आणि पैसे भरायची सोय आधीपासून तयार होती त्यांचं फावलं. तुमच्या प्रोफाइलवर तेव्हा किंमत कुठेच नव्हती, आजही नाही.

आता बूस्ट. बूस्टचं बटण वाईट नाही, पण ते तुमच्याकडून एक प्रश्न विचारून घेतं आणि बहुतेक दुकानदार तो न वाचताच पुढे जातात. तुम्हाला काय हवंय: प्रोफाइलवर येणारे, वेबसाइटवर जाणारे की मेसेज करणारे? जे निवडाल ते करण्याची शक्यता असलेली माणसं मेटा, म्हणजे इन्स्टाग्रामची मालक कंपनी, शोधून देते, आणि हे काम ती फार इमानदारीने करते. सटासट लाइक करत जाणारे लोक तिला ओळखता येतात, तसेच ऑनलाइन खरेदी करणारेही ओळखता येतात. पहिले स्वस्त, दुसरे महाग, कारण दुसऱ्यांच्या मागे सगळे जाहिरातदार लागलेले असतात. तुम्ही ५०० रुपयांत प्रोफाइलवर येणारे मागितले, ते आले आणि लाइक करून गेले. यंत्रणेने तुम्हाला फसवलेलं नाही.

हा सौदा कसा ठरतो ते एकदा समजून घ्या. शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यात चढी बोली लावणारा माल नेतो. इथे तसं होत नाही. इथे तुमची बोली गुणिले समोरचा माणूस तुम्हाला हवी ती कृती करण्याची शक्यता, त्यात जाहिरातीच्या दर्जाचे गुण, अशी बेरीज होते आणि जिची बेरीज मोठी ती जाहिरात दिसते. म्हणून कमी पैसेवाला छोटा दुकानदारही मोठ्या ब्रँडला मागे टाकू शकतो, जर त्याची जाहिरात त्या विशिष्ट माणसाला खरोखर उपयोगाची असेल तर. आणि म्हणूनच नवरात्र ते दिवाळी तुमचा खर्च वाढतो. त्या काळात त्याच माणसाच्या स्क्रीनवर मोबाइल, टीव्ही, सोनं सगळेच बोली लावत असतात.

'अचूक टार्गेटिंग' या शब्दाकडे येतो. २०१८-१९ च्या सुमारास त्याला खरंच अर्थ होता. वय, शहर, आवड, लग्न ठरलंय का, असं निवडत निवडत आम्ही जाहिरातवाले तासन्तास बसायचो आणि त्याचे पैसे घ्यायचो. मग एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनसाठी आयओएस १४.५ आणलं. तुमचा माग इतर ॲपमध्ये काढू का, असं प्रत्येक ॲपला विचारावं लागू लागलं आणि बहुसंख्य लोकांनी 'नाही' म्हटलं. त्यामुळे २०२२ या एका वर्षात सुमारे १,००० कोटी डॉलरचा फटका बसेल, असं मेटाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेअर २६ टक्के कोसळला. त्याच्या आदल्याच महिन्यात धर्म, आरोग्य, राजकीय कल असल्या नाजूक विषयांवरचे टार्गेटिंगचे पर्याय मेटाने स्वतः काढून टाकले होते. तुमचं दुकानातलं गिऱ्हाईक बहुतेक अँड्रॉइडवालं, तेव्हा आयफोनची झळ तुम्हाला थेट कमी बसली असेल. पण पुण्या-मुंबईतला आणि परदेशातला, दोन हजारांची जोडी न कुरकुरता घेणारा मराठी माणूस बऱ्याचदा आयफोनवर असतो. आणि यंत्रणा बदलली ती सगळ्यांसाठीच बदलली.

  

मेटाने या धक्क्यानंतर निवड माणसाच्या हातून काढून यंत्राकडे दिली. 'ॲडव्हान्टेज प्लस' हे त्याचं नाव. तुम्ही आवडीनिवडी भरल्या तरी अनेक ठिकाणी त्या आता फक्त सूचना मानल्या जातात. डिसेंबर २०२४ मध्ये मेटाच्या अभियंत्यांनी 'अँड्रोमेडा' या यंत्रणेची माहिती दिली. एखाद्या माणसासाठी कोट्यवधी जाहिरातींमधून काही हजार उमेदवार आधी निवडायचे, हे तिचं काम. नंतरची चाळणी त्यातून होते. ही पहिली निवड तुमच्या जाहिरातीत काय दिसतं, काय ऐकू येतं आणि आजवर कोणी त्यावर काय केलं यावर बरीचशी ठरते. म्हणजे कोणापर्यंत जायचं हे आता सेटिंगमध्ये कमी आणि व्हिडिओत जास्त ठरतं. त्यामुळे कुणी 'आमच्याकडे गुप्त ऑडियन्स आहे' म्हणालं की चहा पाजून वाटेला लावा.

तुमच्या हातात दोनच गोष्टी उरतात: जाहिरातीत काय दाखवायचं आणि यंत्रणेला परत काय कळवायचं.

दाखवण्याबद्दल आधी. तुमची सगळी रील्स एकाच प्रकारची आहेत: कातडं, सुई, वडिलांचे हात, मागे हलगी. सुंदर आहेत, पण ती सगळी एकाच माणसाला हाक मारतात, परंपरेचं कौतुक असणाऱ्याला. त्याऐवजी गिऱ्हाइकागणिक वेगळा व्हिडिओ करा. लग्नाचा नवरदेव, ज्याला फेट्याबरोबर कापशी (कोल्हापुरीचा एक प्रकार) हवी आहे आणि तारीख जवळ आली आहे. ऑफिसला कुर्त्यावर घालायला हलकी, कमी करकरणारी चप्पल शोधणारी बाई. रुंद पायाचे काका, ज्यांना दुकानात १० नंबर कधीच नीट बसत नाही. आणि न्यू जर्सीत गणपतीला घालायची म्हणून ऑगस्टच्या आधी मागवणारी मंडळी. या चौघांना एका व्हिडिओत कोंबू नका. प्रत्येकाला पहिल्या तीन सेकंदांत त्याचाच प्रश्न ऐकू आला पाहिजे: 'पाय रुंद आहे? कागदावर पाय ठेवा, पेन्सिल फिरवा, फोटो पाठवा.' हाताने केलेल्या चपलेत सगळ्यात मोठी भीती नंबरची असते आणि तीच तुम्ही कुठे बोलत नाही. नवी चप्पल पहिले काही दिवस चावते, तेल कसं द्यायचं, भिजली तर उन्हात का ठेवायची नाही, हे सगळं जाहिरातीचं साहित्य आहे. दुकानात तुम्ही हे रोज दहा जणांना सांगत असणार.

आणि किंमत लिहा. 'किमतीसाठी मेसेज करा' ही सवय इन्स्टाग्रामच्या दुकानदारीत कुठून शिरली कोण जाणे. त्याने तुमचा इनबॉक्स 'प्राइस प्लीज'ने भरतो, यंत्रणेला वाटतं जाहिरात जोरात आहे आणि ती आणखी असेच लोक आणते. किंमत दिसली की मेसेज कमी होतात. होऊ देत.

आता परत काय कळवायचं ते, कारण पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच. बूस्ट सोडा आणि ॲड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे मेटाच्या जाहिराती चालवायच्या पानावर, या. तिथे ध्येय विक्रीचं ठेवायचं की मेसेजचं, हे गणितावर ठरवा. मेटाचं सांगणं असं, की एका ॲड सेटला (एकाच ध्येयाने एकत्र चालणाऱ्या जाहिरातींच्या गटाला) आठवड्यात सुमारे ५० वेळा हवी ती कृती मिळाली की यंत्रणेचं शिकणं स्थिरावतं. समजा तुमचं बजेट दिवसाला ५०० म्हणजे आठवड्याला ३,५०० रुपये. एक विक्री आणायला ४०० रुपये पडले तर आठवड्याला जेमतेम नऊ विक्री; यंत्रणा कायम चाचपडत राहील. व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज ४० रुपयांना पडला तर आठवड्याला ८७ मेसेज, म्हणजे ५० ची पायरी ओलांडली. म्हणून तुमच्या आकाराच्या दुकानाने सुरुवात व्हॉट्सॲपच्या जाहिरातीपासून करावी, असं माझं मत आहे. हेच ३,५०० पाच ॲड सेटमध्ये वाटले तर पाचही उपाशी राहतील. एकच ॲड सेट, त्यात वर सांगितलेले चार व्हिडिओ, आणि आठवडाभर हात लावायचा नाही. रोज बजेट आणि मजकूर बदलत बसलात तर शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

यात एक खाच आहे. मेसेज मागितले की नुसता 'हाय' टाकणारेही येतात. त्यावर उपाय म्हणजे व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबलं लावणं: नवीन गिऱ्हाईक, पैसे यायचेत, पैसे आले. हे रोज करा, कंटाळा आला तरी. आठवड्याच्या शेवटी कोणत्या व्हिडिओवरून आलेल्या किती जणांनी पैसे भरले ते मोजता येईल, आणि बंद करायचा व्हिडिओ आपोआप दिसेल. बहुतेक वेळा सगळ्यात जास्त लाइकवाला व्हिडिओच बंद करावा लागतो. ते करताना जीव जड होतो, पण करा. पुढे महिन्याला विक्री वाढली की वेबसाइट, पिक्सेल आणि कन्व्हर्जन्स एपीआय लावून मेटाला खरी विक्री कळवता येईल. तेव्हा ध्येय विक्रीचं ठेवा. आज त्याची घाई नको.

जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर एकगठ्ठा मेसेज मारण्याचा मोह होईल. व्हॉट्सॲपच्या एपीआयवरून, म्हणजे सॉफ्टवेअर जोडून, पाठवत असाल तर १ जुलै २०२५ पासून जाहिरातीच्या प्रत्येक टेम्प्लेट (आधी ठरवून ठेवलेल्या) मेसेजमागे पैसे लागतात, आणि ब्लॉक करणारे वाढले की नंबरावर मर्यादा येते. ज्याने चप्पल घेतली त्याला वर्षभराने, पावसाळा संपल्यावर, एकदा विचारा. तेवढं पुरतं.

हिशोब गल्ल्यावर करा. मेटाचा रिपोर्ट सांगेल ३० विक्री आमच्यामुळे, गूगलचा सांगेल २० आमच्यामुळे, आणि महिन्यात एकूण ऑनलाइन विक्री ३५ च असेल. दोघेही खोटं बोलत नसतात. मेटा नेहमीच्या सेटिंगमध्ये क्लिकनंतरच्या सात दिवसांतली आणि नुसती जाहिरात पाहिल्यानंतरच्या एका दिवसातली विक्री स्वतःच्या नावावर धरते, गूगलची मोजणी वेगळी, आणि एकच गिऱ्हाईक दोन्हीकडून येऊ शकतं. म्हणून एकूण खर्च आणि एकूण विक्री एवढंच बघा. जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे ५०० चे ५९० होतात. तुमचा जीएसटी नंबर खात्यात भरलेला नसेल तर आजच भरा, त्याशिवाय त्या कराचं क्रेडिट घेता येत नाही. १,८०० च्या जोडीत कारागिरी, कातडं, खोका आणि कुरिअर जाऊन समजा ६०० उरत असतील, तर एका विक्रीमागे ६०० खर्च म्हणजे फुकटची हमाली. आणि कॅश ऑन डिलिव्हरीत परत आलेलं पार्सल, ज्याला कुरिअरवाले आरटीओ म्हणतात, ते यात धरलेलंच नाही. नंबर चुकला म्हणून परत आलेली एक जोडी दुसऱ्या विक्रीचा नफाही खाते. थोडी आगाऊ रक्कम घ्या. नवरदेव देतो, टिंगलवाला देत नाही.

इन्फ्लुएन्सरकडून करून घ्यायचं तर जरूर घ्या, लाखभर फॉलोअरवाल्या चकचकीत अकाउंटपेक्षा पाच-दहा हजारवाला मराठी बोलणारा चालेल. पण चप्पल फुकट दिली तरी ती जाहिरातच ठरते. ॲस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचे नियम जून २०२१ पासून आहेत आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या सूचनांनुसार हा संबंध ज्या भाषेत बोललात त्याच भाषेत, सहज दिसेल असा सांगावा लागतो. मराठी रीलवर 'जाहिरात' असं ठळक लिहा, हॅशटॅगच्या ढिगात पुरू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. याच कारणाने 'प्राडावाली चप्पल' हे शब्द तुमच्या जुन्या पोस्टमधून काढून टाका. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात येतात. तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली असेल तर ते मानांकन प्रत्येक जाहिरातीत दाखवा. रेक्झिनच्या नकली मालाविरुद्ध तुमच्याकडे त्याहून मोठं हत्यार नाही. नोंद नसेल तर आधी ती करा, मगच दाखवा.

एक फुकटातली गोष्ट राहिली. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस देवळातून बाहेर पडून फोनवर जवळचं चपलांचं दुकान शोधतो. गूगल मॅप्सवर तुमच्या दुकानाची वेळ चुकीची आहे आणि शेवटचा फोटो पाटीचा, तोही आडवा. हे आज सुधारा. त्याला एक रुपया लागत नाही. जुलै २०२५ पासून सार्वजनिक व्यावसायिक इन्स्टाग्राम खात्यांच्या पोस्ट गूगलच्या शोधातही येऊ शकतात, तेव्हा कॅप्शनमध्ये 'वारसा जपूया' ऐवजी 'पुरुषांसाठी कापशी, ६ ते ११ नंबर' असं लिहा. लोक शोधतात ते असंच.

आता एजन्सी. २५ हजारांत त्यांची फी किती आणि मेटाला जाणारे पैसे किती, हे पहिलं विचारा. २० फी आणि ५ जाहिरात असा प्रकार असेल तर सरळ नाही म्हणा. जाहिरातीचं खातं तुमच्या नावावर, तुमच्या बिझनेस पोर्टफोलिओत (मेटावर धंद्याची सगळी खाती एकत्र ठेवायची जागा) हवं. त्यांना भागीदार म्हणून प्रवेश द्या, पासवर्ड कधीही देऊ नका. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर कोड मागणारी सोय, चालू ठेवा. 'तुमच्या पेजने ट्रेडमार्कचा भंग केला, २४ तासांत बंद होईल' असा मेटाच्या लोगोचा मेसेज येईल, तुमच्या पेजवर तर प्राडाचं नाव असल्यामुळे तो खरा वाटेल. त्यातल्या लिंकवर जाऊ नका. मेटाची खरी सूचना तुमच्या खात्याच्या आतच दिसते.

आणि व्हिडिओ कोण करणार ते विचारा. 'क्रिएटिव्ह तुम्ही द्या, आम्ही चालवतो' असं उत्तर आलं, तर जो भाग यंत्र आता स्वतः करतं त्याचेच ते पैसे मागताहेत. त्यापेक्षा ते २५ हजार असे लावा: पाच हजारांत गावातल्या एखाद्या लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या पोराला एक दिवस बोलवा आणि चारही व्हिडिओ एकदम करून घ्या. उरलेले २० हजार, जीएसटी धरून, दिवसाला ५०० च्या हिशोबाने महिनाभर पुरून वर थोडे राहतील. सुरुवात दिवाळी आटोपली की, तुळशीच्या लग्नाच्या आधी करा; तिथून लग्नांचे मुहूर्त सुरू होतात.